हिशेब मांडायचा तर पुरता मांडा!



हल्ली जी वस्तू हातात घ्यावी तिच्यावर हिरवे पान छापलेले दिसते. साबण हिरवा, सिमेंट हिरवे, चहाचा पेला हिरवा, स्टेशन हिरवे आणि इंजिनही हिरवे. पुरवठादाराच्या पत्रकात ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द असतो, प्रशासनाच्या परिपत्रकात असतो आणि उद्घाटनाच्या भाषणात तर हमखास असतो. या शब्दाशी आमचे भांडण नाही. हवा आणि पाणी बिघडले की पहिली झळ लागते ती लाइनीला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला आणि उन्हापावसात टपाल वाटत हिंडणाऱ्याला. आमचे भांडण आहे ते या शब्दामागे जो हिशेब असायला हवा त्याबद्दल. अमुक वस्तू हिरवी हे कोणी ठरवले? काय मोजून ठरवले? आणि काय मोजायचे राहून गेले, की मुद्दाम राहू दिले?

असा हिशेब मांडण्याची एक रीत जगात आहे. तिला वस्तूचे जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात. कच्चा माल जमिनीतून निघतो तेव्हापासून ती वस्तू भंगारात, भट्टीत किंवा उकिरड्यावर जाईपर्यंत तिच्यापायी हवा, पाणी आणि जमीन यांचे काय होते, याची ती जन्मापासून मरणापर्यंतची खतावणी आहे. आमचे म्हणणे सरळ आहे. ही रीत चांगली आहे. कामगारांनी ती शिकून घेतली पाहिजे. आणि तिच्यात आज जो माणसाचा रकाना रिकामा आहे, तो भरल्याशिवाय कोणत्याही वस्तूला हिरवेपणाचा दाखला मिळता कामा नये.

हे संघटनेचे काम आहे काय?

काही साथी म्हणतील, पगार, बढती, पेन्शन, कंत्राटीकरण हे प्रश्न डोक्यावर असताना पेल्याचा आणि पिशवीचा हिशेब करायला संघटनेला सवड कुठे आहे? पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, तो त्यांनाच करू द्या.

या साथींना आम्ही महागाई निर्देशांकाची आठवण करून देतो. निर्देशांक हाही एक हिशेबच आहे. कामगाराच्या घरात कोणत्या वस्तू किती लागतात याची यादी करायची, त्यांचे भाव गोळा करायचे आणि त्यावरून महागाई किती वाढली ते काढायचे. यादीत काय धरले, काय गाळले आणि भाव कोणत्या दुकानातले घेतले, यावर महागाई भत्ता ठरतो. मुंबईचा निर्देशांक खरी महागाई दाखवत नाही म्हणून १९६३ साली कामगारांनी लढा उभारला. महाराष्ट्र सरकारला लकडावाला समिती नेमावी लागली आणि तिच्या तपासणीनंतर निर्देशांकात दुरुस्ती झाली. त्या वेळीही ‘आकडेशास्त्र हा तज्ज्ञांचा विषय आहे, कामगारांना त्यात काय कळते’ असे म्हणणारे होते. कामगारांनी यादी मागितली, वाचली आणि चूक दाखवली.

आजचा हा हिशेब त्याच जातीचा आहे. उद्या कोणते इंजिन राहील आणि कोणते भंगारात जाईल, कोणती शेड चालेल, कोणते काम खात्याकडे राहील आणि कोणते बाहेर जाईल, हे ‘हिरवे’ या नावाखाली ठरू लागले आहे. ज्या कागदावर आपले भवितव्य लिहिले जाते तो कागद वाचता येणे ही चैन नव्हे.

हिशेबाची रीत

या रीतीचा जन्म कंपनीच्या कचेरीत झाला. १९६९ साली अमेरिकेत कोका-कोला कंपनीने मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेकडून आपल्या बाटल्या-डब्यांचा हिशेब करवून घेतला. कोणत्या बाटलीला किती कच्चा माल आणि किती ऊर्जा लागते, आणि घाण किती होते, हा प्रश्न होता. तो संपूर्ण अहवाल लोकांसमोर आलाच नाही. कंपनीने स्वतःचे निर्णय घेण्यासाठी तो वापरला. पुढे अनेक कंपन्यांनी आपापले हिशेब मांडले आणि ज्याची त्याची वस्तू त्याच्या त्याच्या वहीत स्वच्छ ठरू लागली. आपला तो बाब्या! म्हणून सर्वांना एकच रीत असावी अशी गरज निर्माण झाली आणि १९९७ साली आयएसओ १४०४० हे आंतरराष्ट्रीय मानक आले. २००६ साली ते सुधारून १४०४० आणि १४०४४ अशी दोन मानके झाली.

या रीतीच्या चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे हिशेब कशासाठी आणि कुठपासून कुठपर्यंत, हे ठरवणे. इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, तुलनेचे माप. टपालाची कापडी थैली आणि एकदा वापरायची प्लॅस्टिकची पिशवी यांची तुलना नगाला नग अशी करता येत नाही. कापडी थैली जाते, रिकामी होते, परत येते, फाटली तर शिवली जाते आणि पुन्हा जाते. तेव्हा माप हवे ते ‘इतके टपाल इतक्या वेळा पोचवणे’ हे. नगाला नग लावला तर जड थैली हरणार. शंभर फेऱ्यांना शंभर फेऱ्या लावल्या तर निकाल फिरू शकतो. दुसरी गोष्ट हिशेबाची हद्द. खाणीपासून सुरुवात करायची की कारखान्याच्या फाटकापासून? उकिरड्यापर्यंत जायचे की दुकानापर्यंतच? ज्याच्या हाती हद्द आखण्याची खडू-दोरी, त्याच्या हाती निम्मा निकाल.

दुसरी पायरी यादीची. प्रत्येक टप्प्यावर काय आत गेले आणि काय बाहेर पडले, ते लिहायचे. माती, लाकूड, कोळसा, वीज, पाणी, डिझेल आत. धूर, राख, सांडपाणी, कचरा बाहेर.

तिसरी पायरी त्या यादीवरून परिणाम काढण्याची. हवामान तापवणारे वायू एका गटात, आम्ल पाऊस पाडणारे दुसऱ्या गटात, पाणी नासवणारे तिसऱ्यात, माणसाला आणि जीवजंतूंना विषारी असणारे चौथ्यात. गटातल्या वस्तू एका मापावर आणतात. उदाहरणार्थ, एक किलो मिथेन वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ किलोइतकी उष्णता धरतो, म्हणून तो २८ पटीने लिहायचा.

चौथी पायरी तपासणीची. आपण जे धरून चाललो ते थोडे बदलले तर निकाल बदलतो का? बदलत असेल तर तसे स्पष्ट लिहायचे. ही चौथी पायरी जाहिरातीत कधीच दिसत नाही.

चहाच्या पेल्याचा खटला

आता हीच रीत आपल्या रोजच्या वस्तूला लावून पाहू. फलाटावरचा चहा घ्या. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. त्यात प्लॅस्टिकचे पेलेही आहेत. ही बंदी योग्यच होती. रुळांत, नाल्यांत आणि गाईच्या पोटात ते प्लॅस्टिक जात होते. पण त्याच्या जागी काय घ्यायचे? कुल्हड, कागदी पेला, की काचेचा ग्लास?

कुल्हडाचा फलाटावरचा मान मोठा. २००४ साली लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना स्टेशनांवर कुल्हड आणण्याची घोषणा झाली. २०२० साली पीयूष गोयल रेल्वेमंत्री असताना तीच घोषणा पुन्हा झाली. दोन्ही वेळा कारण सांगितले गेले की कुल्हड पर्यावरणाला चांगला आणि कुंभाराला रोजगार देणारा. दुसरे कारण आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. पहिले मात्र हिशेबाला लावून पाहू.

कुल्हडाची माती तळ्यातून किंवा शेतातून येते. ती आव्यात भाजावी लागते. भाजायला लाकूड, गोवऱ्या किंवा कोळसा लागतो. आवा उघडा असेल तर बरीचशी आच वाया जाते आणि धूर कुंभाराच्या घरच्यांच्याच डोळ्यांत आणि छातीत जातो. भाजलेला कुल्हड कागदी पेल्याच्या कितीतरी पट जड, म्हणून वाहतुकीला डिझेल अधिक. वाटेत फूट होते ती वेगळीच. राहिला शेवट. कुल्हड मातीत मिसळतो असे सर्रास सांगितले जाते. कच्ची माती मिसळते, भाजलेली नाही. हडप्पा-मोहेंजोदडोची खापरे चार हजार वर्षांनंतरही जमिनीतून निघतात ती त्यामुळेच. कुल्हड विषारी नाही, गाईला मारत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण एक घोट चहासाठी जे एकदाच वापरायचे ते आव्यात भाजायचे, हा खर्च खात्यात लिहिलाच पाहिजे.

कागदी पेला हलका आणि स्वस्त. पण तो निव्वळ कागद नसतो. चहा गळू नये म्हणून आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो. त्यामुळे तो रद्दीत घालता येत नाही आणि प्लॅस्टिकमध्येही जात नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

काचेचा ग्लास घडवायला भट्टीची प्रचंड आच लागते, पण तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. किती वेळा वापरला तर परवडतो? कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ साली हा हिशेब मांडला. ऊर्जेपुरते पाहिले तर एका कागदी पेल्याच्या तोडीस येण्यासाठी काचेचा पेला १५ वेळा आणि चिनीमातीचा ३९ वेळा वापरावा लागतो, असे त्यांचे गणित निघाले. थर्मोकोलच्या पेल्याशी बरोबरी करायची तर चिनीमातीचा पेला १००६ वेळा वापरावा लागतो.

हे आकडे वाचून कोणी म्हणेल, चला, थर्मोकोल जिंकला! थांबा. हा हिशेब फक्त ऊर्जेचा आहे. नाल्यात तुंबलेल्या थर्मोकोलचा त्यात रकाना नाही. शिवाय तो यंत्रात गरम पाण्याने पेले धुणाऱ्या देशातला आहे. आपल्याकडे स्टॉलमागे बादलीत हाताने ग्लास विसळला जातो. तिथे वीज कमी आणि पाणी जास्त, आणि त्याच पाण्यात दहा ग्लास विसळले तर रोगाचा धोका. म्हणजे परदेशातला आकडा उचलून इथे चिकटवता येत नाही. इटारसीच्या फलाटाचा हिशेब इटारसीला आणि सिकंदराबादचा सिकंदराबादलाच करावा लागेल. कुंभारवाडा स्टेशनपासून दहा कोसांवर आहे की पाचशे मैलांवर, पाणी मुबलक आहे की टँकरने येते, यावर निकाल बदलेल. बोर्डाच्या एका परिपत्रकाने सगळ्या देशाला एकच पेला लावणे म्हणजे सर्वांना एकाच मापाचा बूट घालणे होय.

आणि या खटल्यात ज्यांची साक्ष घ्यायला हवी ते कुठे आहेत? ग्लास विसळणारा स्टॉलवरचा पोरगा, आव्याजवळ बसलेली कुंभारीण, रुळांमधून पेले वेचणारा कंत्राटी सफाई कामगार, यांतल्या कोणालाही कोणी विचारत नाही. पेला बदलला की त्यांच्या कामाचा प्रकार, कामाचे तास आणि कमाई बदलते. ते मात्र कोणत्याच रकान्यात लिहिले जात नाही.

इंजिनाचा धूर कुठे गेला?

पेल्यात मुख्य खर्च घडवण्याचा आणि धुण्याचा असतो. इंजिनाचे तसे नाही. इंजिन तीस-तीस वर्षे धावते, म्हणून त्याच्या आयुष्याचा मोठा खर्च धावण्याचाच असतो. तेव्हा इंजिनाच्या हिशेबात मुख्य प्रश्न एकच: ते चालते कशावर?

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने देशातली पहिली विजेची गाडी धावली. शंभर वर्षांनी, २०२५ साली, ब्रॉडगेज मार्गांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक मार्गांवर विजेच्या तारा पोचल्या होत्या. २०३० पर्यंत आपले कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे ध्येय रेल्वेने जाहीर केले आहे. ज्यांनी खांब उभे केले, तारा ओढल्या, उन्हात टॉवर वॅगनवर उभे राहून काम केले ते आपलेच बांधव. त्या कामाचा आम्हाला अभिमान आहे.

पण विजेचे इंजिन धूर सोडत नाही म्हणून धूर नाहीसा झाला असे नव्हे. २०२३-२४ साली देशातली ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून तयार होत होती. म्हणजे यार्डातला धूर चंद्रपूर, कोराडी, कोरबा, सिंगरौलीच्या धुराड्यांत गेला. आपल्या कोळशात राख फार, साधारण ३० ते ४५ टक्के. ती राख तलावांत साठवतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल गावाच्या शेतांत आणि नाल्यांत शिरला. तो चिखल इंजिनाच्या जीवनचक्रात धरायचा की नाही? हद्द इंजिनाच्या टपापर्यंत आखली तर नाही. खाणीपासून राखेपर्यंत आखली तर धरलाच पाहिजे. आणि हा कोळसा वाहतो कोण? आपणच. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा वाटा कोळशाचा आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की आम्ही डिझेलच्या बाजूने उभे आहोत. पुरता हिशेब मांडला तरी विजेच्या बाजूला भक्कम मुद्दे आहेत. डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ सारखी इंजिने ब्रेक लावताना वीज तारेत परत देतात. आज कोळशाची असलेली वीज उद्या सूर्याची आणि वाऱ्याची होऊ शकते, डिझेलचे तसे होत नाही. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा मुद्दा म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. शेडमध्ये आयुष्यभर तो धूर ज्यांनी ओढला त्यांची आठवण त्या दिवशी कोणाला झाली? विजेकडे जाण्याचे हे कारण प्रशासनाच्या जाहिरातीत आम्ही कधी वाचले नाही. डिझेल आयातीचे पैसे वाचतात हे मात्र दर वेळी वाचतो. शेडमधल्या माणसाचे फुप्फुस वाचते, हे लिहायला कोणाला सुचत नाही.

रिकामा रकाना

इथेच आमचा मुख्य मुद्दा येतो. आयएसओ १४०४० हे मानक स्वतःच सांगते की हा हिशेब सर्वसाधारणपणे वस्तूच्या आर्थिक आणि सामाजिक बाजूंचा विचार करत नाही. म्हणजे वस्तूपायी नदीतल्या माशाला काय होते याचा रकाना आहे, आणि असायलाच हवा. पण ती वस्तू बनवणाऱ्या माणसाचा अपघात, त्याचा पगार, त्याचे कामाचे तास आणि नोकरीची शाश्वती यांना जागा नाही.

अॅस्बेस्टॉसचे उदाहरण घ्या. छपरासाठी अॅस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा स्वस्त, गंजत नाही, वर्षानुवर्षे टिकतो. नुसता साहित्याचा, ऊर्जेचा आणि टिकाऊपणाचा हिशेब केला तर हा पत्रा गुणी बाळ वाटेल. पण त्याचा तंतू श्वासातून फुप्फुसात गेला की वीस ते चाळीस वर्षांनी रोग वर येतो, तोवर कामगार निवृत्त झालेला असतो. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असे ठरवले. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवावी, असा आदेश दिला. न्यायालयाला जे कळले ते हेच की या वस्तूचा हिशेब कारखान्याच्या फाटकावर संपत नाही आणि निवृत्तीच्या दिवशीही संपत नाही. हेच तर जीवनचक्र! वस्तूचे जीवनचक्र मोजता, मग ती घडवणाऱ्याचे का नाही?

दुसरे उदाहरण काचेच्या भट्ट्यांचे. ताजमहालाभोवतीच्या पट्ट्यात, ज्यात काचकामाचे फिरोजाबादही येते, कोळसा आणि कोक जाळणाऱ्या कारखान्यांनी नैसर्गिक वायूवर यावे किंवा पट्ट्याबाहेर जावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी दिला. पण त्याच निकालात कामगारांची कलमेही होती. हलणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराची नोकरी अखंड धरावी, मधल्या काळाचा पूर्ण पगार द्यावा आणि वर्षभराच्या पगाराइतका स्थलांतर बोनस द्यावा. संगमरवर वाचवताना माणूसही वाचवायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवले आहे. मग रेल्वे बोर्डाला आणि टपाल खात्याला ते लिहायला काय अडचण आहे?

हा रकाना भरता येत नाही, तो मोजता येत नाही, असे तज्ज्ञ सांगू लागले तर त्यांना हे सांगा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००९ साली वस्तूंच्या सामाजिक जीवनचक्र मूल्यांकनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०२० साली ती सुधारली. त्यात ज्यांच्यावर परिणाम होतो अशा गटांमध्ये कामगार हा गट स्पष्टपणे धरलेला आहे. संघटना करण्याचे स्वातंत्र्य, रास्त वेतन, कामाचे तास, आरोग्य आणि सुरक्षितता, बालमजुरी हे सगळे त्यात येते. रीत तयार आहे. इच्छा तयार नाही.

दार किलकिले आहे, आत शिरा

आणखी एक कलम प्रत्येक शाखा चिटणीसाने पाठ करून ठेवावे. ‘आमची वस्तू दुसऱ्या वस्तूपेक्षा पर्यावरणाला चांगली’ असा तुलनेचा दावा या मानकाच्या आधारे लोकांसमोर करायचा असेल, तर आयएसओ १४०४४ नुसार त्या हिशेबाची किमान तीन जणांच्या मंडळाकडून चिकित्सा व्हावी लागते. निष्कर्षांचा ज्यांच्यावर परिणाम होतो अशा संबंधितांनाही त्या मंडळात घेता येते. मानकात उदाहरणे दिली आहेत ती सरकारी खाती, स्वयंसेवी संस्था, स्पर्धक आणि संबंधित उद्योग यांची. कामगार संघटनेचे नाव त्या उदाहरणांत नाही. पण परिणाम आपल्यावर होत नाही असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणावे!

आपल्या देशातही १९९१ साली इकोमार्क योजना आली. तिचे बोधचिन्ह मातीचा मटका. ही योजना कागदावरच फार राहिली. २०२४ साली तिच्या जागी नवे इकोमार्क नियम आले. नव्या नियमांचा मटका तरी भरलेला असावा, नुसता रंगवलेला नको, असे वाटत असेल तर संघटनांनी आताच बोलले पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. रेल्वे आणि टपाल खात्याच्या खरेदीत ज्या वस्तूला ‘हिरवी’ किंवा ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून प्राधान्य दिले जाईल, तिचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब, त्याचे तुलनेचे माप आणि हद्द यांसह जाहीर करावा. सर्वांत कमी दराच्या निविदेत फक्त फाटकावरची किंमत दिसते, पुढची-मागची दिसत नाही.

२. अशा प्रत्येक हिशेबाच्या चिकित्सेत मान्यताप्राप्त संघटनेचा प्रतिनिधी असावा.

३. कामगारांचे आरोग्य, अपघात, वेतन आणि रोजगार यांचा रकाना सक्तीचा असावा. त्यात कंत्राटी कामगारही धरावेत.

४. हिरव्या बदलामुळे ज्याचे काम जाईल त्याची नोकरी, ज्येष्ठता आणि पगार यांचे संरक्षण बदल करण्यापूर्वी लेखी द्यावे. बदलानंतरच्या आश्वासनांना अर्थ नसतो.

५. वस्तूच्या शेवटाची जबाबदारी पुरवठादारावर टाकावी. फलाटावरचा, शेडमधला आणि टपाल कचेरीतला कचरा शेवटी कोणत्या कामगाराच्या हातात जातो आणि त्या हातांत मोजे आहेत की नाहीत, हे करारात लिहिलेले असावे.

या मागण्या पी.एन.एम. आणि जे.सी.एम.च्या विषयपत्रिकेवर यायला हव्यात. पण त्याआधी एक काम शाखांनी करायचे आहे. येत्या शाखा सभेत आपल्या कामाच्या ठिकाणची एकच वस्तू निवडा. शेडवाल्यांनी तेलाने भिजलेला बोळा घ्यावा, गाडीच्या दिव्यांची देखभाल करणाऱ्यांनी शिशाची बॅटरी, टपालवाल्यांनी थैली, फलाटावरच्यांनी पेला. एका कागदावर पाच रेघा ओढा: कच्चा माल, घडण, वाहतूक, वापर, शेवट. प्रत्येक टप्प्यापुढे तीन गोष्टी लिहा: काय लागते, काय वाया जाते आणि तिथे कोणता माणूस काम करतो. आकडे नसतील तर नसोत. जे डोळ्यांनी दिसते ते लिहा. मोठ्या पदव्यांची यासाठी गरज नाही. वस्तू ज्याच्या हातातून जाते त्याला तिच्याबद्दल जे ठाऊक असते ते कचेरीतल्या कोणत्याही तज्ज्ञाला ठाऊक नसते. असे पन्नास शाखांचे पन्नास कागद जमले की प्रशासनापुढे ठेवायला आपल्याजवळ आपली स्वतःची वही असेल.

एक गोष्ट शेवटी निक्षून सांगतो. मालक आणि प्रशासन आपल्याला दोन तोंडांनी सांगतात. कारखाना बंद करायचा असतो तेव्हा म्हणतात, पर्यावरणासाठी करावे लागते. आणि धुरापासून, धुळीपासून, विषापासून संरक्षण मागितले की म्हणतात, फार ताणू नका, रोजगार जाईल. रोजगार हवा की स्वच्छ हवा, असा पर्याय आपल्यापुढे टाकला जातो. हा पर्यायच खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचे अर्ध्या हिशेबातून कधीच दिसत नाही. पुरता हिशेब मांडला की दिसते की हवा नासवणारा आणि कामगाराला झिजवणारा तोटा एकच आहे. दोन्ही वेळा कोणीतरी आपला खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेला असतो. आपले खाते आपण तपासायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

अर्धा हिशेब नामंजूर! कामगार एकजुटीचा विजय असो!